गळक्या घराचा मसला

गेल्या वर्षी जुलैमध्ये माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री अकरा वाजता फोन आला. दहावीला मी त्याला मराठी शिकवलं होतं. आता तो मुंब्र्यात राहतो, ठाण्याला नोकरी करतो, घरात वर्षाची मुलगी आहे. एप्रिलमध्ये त्याने एक वन रूम किचन भाड्याने घेतलं. अकरा महिन्यांचा करार, अकरा महिन्यांचंच लॉक-इन, पन्नास हजार डिपॉझिट. घर बघितलं तेव्हा भिंतींना ताजा रंग होता. जून संपता संपता त्या रंगाखालून ओल वर आली, मग पोपडे सुटले, मग काळी बुरशी धरली. जुलैत स्लॅबमधून थेंब पडायला लागले, आणि तेही नेमके पाळण्याच्या जागेवर. मुलीचा खोकला थांबेना. मालकाला तीनदा सांगून झालं. मालकाचं म्हणणं, पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरात ओल येते. मुदतीआधी सोडायचं असेल तर डिपॉझिट विसरा.

"कायद्याचं मी वकिलाला विचारीन, सर," तो म्हणाला. "पण शरियतमध्ये भाडेकरूबद्दल काही आहे का? आमचा मालक रोज पहिल्या सफमध्ये उभा असतो."

मी म्हटलं, बघून सांगतो. खरं म्हणजे मला काहीच ठाऊक नव्हतं. निकाह, तलाक, मीरास, जकात यांवर कोणी विचारलं तर दोन वाक्यं बोलता येतात. गळका स्लॅब हा शरियतचा विषय असेल असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशात गेलो. तिथले मौलाना माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, हिदाया शिकवतात. त्यांनी प्रश्न ऐकला, उठले, कपाटातून हिदायाचा उत्तरार्धाचा खंड काढला आणि न शोधता पान उघडलं. म्हणाले, "हा बाब मी पंधरा वर्षं शिकवतोय. मुलं पाठ करतात, परीक्षा देतात. पण हा मसला घेऊन माझ्याकडे आजवर एकही माणूस आलेला नाही."

त्या पानापासून मी जे वाचत गेलो, ते इथे मांडतो.

फिकहमध्ये भाडेकराराला 'इजारा' म्हणतात. मराठीला हा शब्द परका नाही, पण मराठीत येताना त्याचं नशीब फिरलं. सारावसुलीचा इजारा, जकातीचा इजारा असं होत होत आज 'इजारदारी' म्हणजे मक्तेदारी, एकट्याने सगळं बळकावणं. मूळ अरबीत मात्र अर्थ साधा आहे: मोबदला घेऊन एखाद्या वस्तूचा उपयोग दुसऱ्याला देणं. घर, दुकान, गिरणी, घोडा, कारागिराची मेहनत, सगळं यातच येतं.

यातला 'उपयोग' हा शब्द महत्त्वाचा. अरबीत मनफअत. हनफी फकीहांनी इजाऱ्याची सगळी इमारत या एका शब्दावर उभारली. त्यांचं म्हणणं असं, की भाडेकरू घर विकत घेत नाही, घरात राहणं विकत घेतो. आणि राहणं ही काही पोत्यात भरून एकदम हवाली करता येण्यासारखी गोष्ट नाही. ती दिवसादिवसाने, तासातासाने तयार होते. आजचं राहणं आज मिळालं, उद्याचं राहणं अजून अस्तित्वातच आलेलं नाही. म्हणजे मालकाने किल्ली दिली तरी त्याचं देणं संपत नाही. रोज नव्याने तो आपला माल देत असतो. यातून पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो. बाजारात घेतलेल्या मालात ताब्यात येण्याआधी खोट निघाली तर गिऱ्हाईक माल नाकारू शकतं. मग करारानंतर तीन महिन्यांनी छत गळायला लागलं, तर ती खोट उद्याच्या, अजून ताब्यात न आलेल्या मालातली खोट ठरते. म्हणून भाडेकरू करार मोडू शकतो. खोट आधीपासून होती की नंतर आली, याने फरक पडत नाही.

हे मी सोपं करून सांगतोय, पण विचार हाच आहे. अबू हनीफा स्वतः कूफ्याच्या बाजारात कापडाचे व्यापारी होते, हे अशा ठिकाणी आठवतं.

हिदायाचे लेखक बुरहानुद्दीन मर्गीनानी 1197 मध्ये वारले. ते फरगाना खोऱ्यातल्या मर्गीनानचे, आजच्या उझबेकिस्तानातले. त्यांच्या आधी सहा वर्षं त्याच फरगाना भागातल्या कासानचे अलाउद्दीन कासानी हलबमध्ये, म्हणजे अलेप्पोत, वारले. कासानींचा 'बदाइउस्सनाइ' हा ग्रंथ इजाऱ्याबाबत मला हिदायापेक्षाही आवडला. या ग्रंथाची एक गोष्ट मदरशांत नेहमी सांगितली जाते. कासानींच्या उस्तादांची मुलगी फातिमा स्वतः मोठी फकीहा होती. उस्तादांच्या पुस्तकावर कासानींनी हे विवेचन लिहिलं, उस्ताद खूश झाले, आणि हा ग्रंथच फातिमाचा मेहर ठरला. तर ज्या पुस्तकाने एक घर वसलं, त्याच पुस्तकात भाड्याच्या घराच्या गटाराचाही विचार आहे.

आणि तो किती बारकाईने! घराची डागडुजी, भिंतींचं लिंपण, पावसाच्या पन्हळीची दुरुस्ती, खिळखिळं झालेलं बांधकाम, हे सगळं मालकाकडे. पाण्याची विहीर आणि सांडपाण्याचा खड्डा नीट ठेवणं हेही मालकाकडे. भाडेकरू घर सोडून जाताना घरात त्याने झाडून साठवलेला केर असेल, तर तो त्याने उचलायचा, कारण तो त्याच्या हातून झाला. मग संडासचा खड्डा? तोही भाडेकरूच्याच कुटुंबाने भरला ना? कासानी म्हणतात, तर्काने बघितलं तर तो उपसणं भाडेकरूवर यायला हवं. पण लोकांची वहिवाट उलटी आहे, म्हणून तर्क बाजूला ठेवून तो खर्च मालकावर टाकला गेला. बाराव्या शतकातला एक आलिम संडासचा खड्डा कोणी उपसायचा यावर गंभीरपणे विचार करतो आणि शेवटी किताबी तर्कापेक्षा गल्लीतल्या रिवाजाला मान देतो. मला तरी हे वाचून फार बरं वाटलं.

आता या कायद्याची दुसरी बाजू. मालकाने डागडुजी करायची हे खरं, पण केली नाही तर काझी त्याला करायला भाग पाडू शकत नाही. स्वतःच्या मालकीची वस्तू दुरुस्त करायची सक्ती कोणावर करता येत नाही, असं त्यांचं तत्त्व. मग भाडेकरूने करायचं काय? त्याने निघून जायचं. हाच त्याचा हक्क, आणि जवळजवळ हा एकच. दुसरं, घर घेताना खोट डोळ्यांनी बघितली होती आणि तरी घेतलं, तर ती मान्य केली असं धरलं जातं. नंतर तिचा बहाणा चालत नाही. तिसरी गोष्ट माझ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने सगळ्यात कडू. खोट दिसूनही राहत राहिलात तर भाडं पूर्ण द्यायचं. एक खोली पडली म्हणून भाडं कमी होत नाही. एकतर पूर्ण भाडं देऊन राहा, नाहीतर सोडा.

आमच्या कोकणातल्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, आम्ही शाफई, आम्हाला हनफी किताबांचं काय. तर या मुद्द्यावर भांडण नाही. हनफी लोक भाडेकरूची खाजगी अडचणही ऐकून घेतात, उदाहरणार्थ धंद्यासाठी दुकान भाड्याने घेतलं आणि भांडवलच बुडालं. इमाम शाफईंना ते मान्य नाही. पण वस्तूतच ऐब असेल तर करार मोडता येतो, हे दोघांनाही मान्य.

हा विचार फरगान्यातून आपल्याकडे पोचला होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाने जो 'फतावा-ए-आलमगीरी' तयार करून घेतला, त्या आलिमांचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे. बुऱ्हाणपूर म्हणजे खानदेशाचं जुनं शहर, तापीकाठचं, जळगावहून तासा-दोन तासांवर. त्या ग्रंथातही इजाऱ्याचा मोठा भाग आहे. आणि या सगळ्याला आधुनिक कायद्याचं रूप तुर्कस्तानात मिळालं. अहमद जेवदत पाशांच्या अध्यक्षतेखाली 1869 ते 1876 या काळात उस्मानी सरकारने 'मजल्ला' तयार केली. कलमं पाडलेला, 1851 कलमांचा हनफी दिवाणी कायदा. त्याचं दुसरं पुस्तक इजाऱ्याचं.

मजल्लेत वर सांगितलेलं सगळं सरळ कलमांत येतं. कोणत्या खोटीमुळे घर सोडता येतं आणि कोणत्या नाही, याची उदाहरणंही आहेत. छत खचलं, राहण्याला बाध येईल असा भाग ढासळला, तर सोडता येतं. नुसता गिलावा पडला आणि त्यातून ना पाऊस आत येतो ना वारा, तर सोडता येत नाही. मोजपट्टी एकच: राहण्याच्या उपयोगात कमी आली का? घर अर्धवट खराब असेल तर सोडताना मालकाला समोर ठेवून, त्याला कळवून सोडायचं; गुपचूप निघून गेलात तर भाडं चालू राहतं. पण घर पूर्ण कोसळलं असेल तर मालक हजर नसला तरी चालेल, भाडं थांबलं. आणि भाडेकरूने करार मोडायच्या आत मालकाने दुरुस्ती केली, तर मग सोडायचा हक्क उरत नाही. मला हे शेवटचं कलम न्यायाचं वाटतं. मालकालाही एक संधी आहे, पण ती भाडेकरूच्या निर्णयाआधीची.

याच काळात इंग्लंडमध्ये काय चाललं होतं ते बघायला हवं, कारण आपल्या नशिबी मजल्ला नाही, इंग्लंड आलं.

इंग्रजी कायद्याचा पाया उलटा होता. भाडेकरार म्हणजे जमिनीतला एक हक्क ठराविक मुदतीसाठी दुसऱ्याच्या नावे करणं. तो पहिल्याच दिवशी पूर्ण दिला जातो. त्यानंतर त्या जमिनीवर काय होतं ते भाडेकरूचं नशीब. 1647 मधला एक प्रसिद्ध खटला आहे, पॅराडाइन विरुद्ध जेन. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजपुत्र रूपर्टच्या फौजेने एका भाडेकरूला जमिनीवरून हाकलून लावलं. काही वर्षं त्याला तिथे पाय ठेवता आला नाही. न्यायालय म्हणालं, भाडं द्यावंच लागेल.

दोनशे वर्षांनी ढेकणांनी यात थोडी गंमत आणली. 1842 च्या शरद ऋतूत सर थॉमस मॅरेबल यांनी ब्रायटनला समुद्रकाठी पाच-सहा आठवड्यांसाठी सामानसुमानासह एक घर घेतलं, आठवड्याला आठ गिनी. आत गेले तर ढेकूणच ढेकूण. मालकिणीने बंदोबस्त करायचा प्रयत्न केला, जमला नाही. मंडळी एका आठवड्याचं भाडं देऊन बाहेर पडली. उरलेल्या भाड्यासाठी त्यांच्यावर दावा लागला, पण तो टिकला नाही. न्यायाधीश पार्क यांनी ठरवलं की घर राहण्याजोगं असेल ही अट न बोलताही करारात असते. इथवर कासानीही मान डोलावतील. पण साधारण वर्षभरात तसाच दुसरा खटला आला, हार्ट विरुद्ध विंडसर. पुन्हा ढेकूण, पुन्हा भाडेकरू घर सोडून गेलेला, आणि निकाल वाचणारे न्यायाधीशही तेच पार्क. फरक एवढाच, की या घरात खुर्च्या-पलंग नव्हते. या वेळी निकाल उलटा लागला: रिकामं घर भाड्याने देताना ते राहण्याजोगं असेल अशी कोणतीही हमी मालक देत नाही. सुट्टीला सजवलेलं घर घेणाऱ्या सरदाराला ढेकणांपासून संरक्षण मिळालं, स्वतःची खाट घेऊन येणाऱ्याला नाही. इंग्लंडमध्ये मजुरांच्या घरांसाठी नंतर थोडे वेगळे कायदे झाले, पण बहुतेक भाडेकरूंना राहण्याजोग्या घराचा पक्का हक्क देणारा कायदा तिथे 2018 मध्ये झाला.

हिंदुस्थानात इंग्रजांनी शरियतचे दोन भाग केले. निकाह, तलाक, वारसा, वक्फ हे ठेवले. करार आणि मालमत्ता यांसाठी स्वतःचे कायदे आणले: 1872 चा करार कायदा, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. हा दुसरा कायदा मुंबई इलाख्यात 1893 पासून लागू झाला. इजाऱ्याचा बाब त्या दिवसापासून मदरशाच्या परीक्षेपुरता उरला. ही काटछाट इंग्रजांनी केली हे खरं, पण नंतर आपणही शरियत म्हणजे तेवढंच असं मानत गेलो. तीन तलाकवर आपल्याकडे मोर्चे निघाले, लेख आले, मीही लिहिलं. भाडेकरूच्या गळक्या छताबद्दल जुम्म्याच्या बयानात मी तरी एक शब्द ऐकलेला नाही. तो बाब कपाटातच होता.

1882 च्या कायद्याचं 108 वं कलम भाड्याचं. त्यात एक वाक्य आहे जे पॅराडाइनच्या भाडेकरूला हवं होतं. आग, वादळ, पूर, फौजेचा किंवा जमावाचा हिंसाचार अशा अनावर कारणाने घराचा मोठा भाग नष्ट झाला, किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूला करार रद्द करता येतो. फौज आली, जमावही आला. भारतात राज्य करणाऱ्यांनी दोन्हींची आठवण ठेवली. पण ओल, बुरशी, तुंबलेलं गटार, हळूहळू सडत जाणारा वासा, यांना त्या वाक्यात जागा नाही. मालकाने फक्त एवढं करायचं, की त्याला माहीत असलेली आणि भाडेकरूला साध्या नजरेने न दिसणारी मोठी खोट आधी सांगायची. दुरुस्ती करायला मालक बांधील असेल आणि तो करत नसेल, तर भाडेकरूने करून भाड्यातून वळती करायची. पण 'बांधील असेल तर'.

कायदा मुंबईत येऊन चार वर्षं झाली नाहीत तोच प्लेग आला. सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत तो ओळखला. मांडवी म्हणजे गोदीला लागून गोदामं आणि गोदामांवर माणसं. अंधाऱ्या खोल्या, घरांच्या पाठीला पाठ लागलेल्या अरुंद बोळांतून वाहणारी घाण. लाखो लोक शहर सोडून गेले. सरकारी पथकं घरात शिरून चुना मारायची, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढायची, आणि जे घर राहायला अयोग्य त्याच्या भिंतीवर तीन इंग्रजी अक्षरं रंगवायची: यू. एच. एच. म्हणजे मानवी वस्तीस अयोग्य.

ती अक्षरं मी अनेक दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. घर राहायला अयोग्य आहे हे ठरवायचा अधिकार या शहरात पालिकेला होता, प्लेग अधिकाऱ्याला होता. त्या घरात राहणाऱ्याला मात्र स्वतःच्या करारात ते म्हणायला जवळजवळ जागा नव्हती. भिंतीवर अक्षरं रंगली की त्याला बाहेर काढलं जायचं. स्वतःहून बाहेर पडायचं तर भाड्याचा हिशेब त्याच्या मागे.

1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले, दाट वस्त्या पाडल्या, निघालेली माणसं शेजारच्या वस्तीत कोंबली गेली. इथपर्यंत प्रश्न सोडून जाण्याच्या हक्काचा होता. विसाव्या शतकात तो पार उलटा झाला. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून 1918 मध्ये भाडेनियंत्रण आलं; 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी बहुतांशी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला काढणं अवघड झालं, ते योग्यच होतं. पण गोठलेल्या भाड्यात मालकाने दुरुस्ती सोडली, आणि जुन्या भाड्याची खोली सोनं झाली. पागडी देऊन घेतलेली खोली कोण सोडेल? डोंगरी, भेंडी बाजार, नळ बाजार, कामाठीपुरा, गिरगाव. हिंदू असो की मुसलमान, माणसं छताला टेकू लावून राहिली.

1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात चांगलं कलम आहे. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कर्तव्य. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने केलं नाही तर भाडेकरूने करावं आणि खर्च भाड्यातून कापावा. कासानींच्या एक पाऊल पुढचं कलम, कारण तिथे स्वतःहून केलेला खर्च दानात जमा व्हायचा. फक्त कापायची मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. महिना शंभर रुपये भाड्याची जुनी खोली धरा. वर्षाचे 1200, चौथा हिस्सा 300. तीनशे रुपयांत गवंडी चहा पिऊन जाईल.

31 ऑगस्ट 2017 ला सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. शंभर वर्षांहून जुनी इमारत. तीसहून अधिक माणसं गेली. पुनर्विकासाच्या कामात तिथली काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलली होती, काही राहिली होती. 16 जुलै 2019 ला डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. दर वेळी टीव्हीवर एकच प्रश्न: धोका माहीत होता तर राहिले का? फरगान्यातल्या फकीहाने दिलेला हक्क, निघून जाण्याचा, त्यांच्याकडे होताच की. हरकत एवढीच, की तो हक्क देणाऱ्याने मनात गृहीत धरलं होतं की पुढच्या गल्लीत दुसरं घर मिळतं.

मुंब्र्याची गोष्ट याच्याच पुढची आहे. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबं तिथे आली, आणि मागणी होती तिथे इमारती कशाही उभ्या राहिल्या. 4 एप्रिल 2013 ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अर्धवट बांधलेली बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. बांधकाम चालू होतं आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आलेली होती. स्वस्त होतं म्हणून. दुसरीकडे मिळत नव्हतं म्हणूनही.

हे सगळं मी विद्यार्थ्याला फोनवर सांगितलं नाही. मौलानांनी सांगितलेल्या तीन गोष्टी सांगितल्या. एक, थेंब पडतात ते राहण्याच्या उपयोगात कमी आणतात, हा नुसता गिलावा नव्हे, तेव्हा सोडता येतं. दोन, एप्रिलमध्ये तू भिंत बघितलीस म्हणजे ओल बघितलीस असं होत नाही. रंग मारून झाकलेलं दिसत नाही, आणि जे दिसलं नाही ते मान्य केलं असं धरत नाहीत. तीन, गुपचूप निघू नकोस, मालकाला समोर सांगून नीघ, आणि ज्या महिन्यांत राहिलास त्यांचं भाडं पूर्ण दे. सूट मागू नकोस.

वकिलाने त्याला वेगळ्या वाटेने जवळपास तेच सांगितलं. त्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो भाडेकरूसुद्धा नाही, परवानाधारक. तिथे 1882 चाच दुसरा कायदा, सुविधाधिकारांचा. पण त्यातही आहे, की जागेत धोका होईल अशी खोट मालकाला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर ती सांगणं मालकावर बंधनकारक. वकील म्हणाला, फोटो तारखेसकट काढून ठेव, पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठव.

तो मात्र सोडायला तयार नव्हता. "सर, हे घर मिळायला चार महिने लागले. ठाण्यात सहा ठिकाणी नाव ऐकल्यावर घर भाड्याने गेलं म्हणाले. आता पावसात कुठे जाऊ?" मला यावर काही बोलता आलं नाही. पाळणा त्यांनी स्वयंपाकघरात हलवला आणि ऑगस्ट तसाच काढला.

सप्टेंबरमध्ये त्याच्या सासुरवाडीच्या ओळखीने कौशात एक घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावरचं, वर अजून दोन मजले असलेलं. या वेळी ते त्याने मुद्दाम बघितलं. मग त्याने मालकाला पत्र दिलं, पोस्टानेही पाठवलं. मालक ऐकेना. शेवटी एका जुम्म्याच्या नमाजानंतर मुंब्र्यातल्या इमामांनी दोघांना बसवलं. आमच्या मौलानांनी त्या पानाचा फोटो काढून पाठवला होता. इमामसाहेबांनी तो मालकासमोर वाचला, मग उर्दूत समजावला. मालक बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ही गोष्ट त्याला आधी कोणी सांगितली नव्हती.

पन्नासपैकी अडतीस हजार परत आले. बारा हजार रंगाचे म्हणून कापले.